हवा कुठे जाते

परकारचाचा शेवटच्या फेरीबोटीने आले,
खांद्यावर गोणपाटाची पिशवी, दोन पायांत दोन रंगांच्या चपला,
आणि आल्या आल्या म्हणाले, "जनरेटर बंद कर.
गाडी काय सांगते ते ऐकू दे आधी."

मढच्या बंगल्यामागे आमची व्हॅनिटी,
बारा मीटर लांब, तीन खोल्या, दोन संडास,
चार दिवस रोज सकाळी रुसलेली.
रात्री काटा आठवर सोडून निजावं,
पहाटे बघावं तर दोनवर.
बझर कोकलतोय, मागची चाकं जागीच घट्ट,
अर्धा तास इंजिन रेटावं तेव्हा कुठे सुटणार,
तोवर प्रॉडक्शनवाला काचेवर अंगठी वाजवतोय.

मी म्हटलं, "चाचा, ब्रेक लागत नाही हे ऐकलंय.
सुटत नाही, हे काय?"
"मागच्या चाकांत स्प्रिंग आहे. दांडगी.
तिचं काम एकच, धरणं.
हवा तिला मागे रेटून ठेवते म्हणून तू चालतोस.
हवा गेली की ती आपली धरते.
थांबणं गाडीच्या स्वभावातच आहे, पोरा.
चालायला दम लागतो."

चाकांना दगड लावले. चाचा वाळूत पाठीवर.
टाकीची कॉक ओढली तर तांबूस पाणी, तेलाचा वास.
"ड्रायर मेलाय. पण चोर हा नव्हे."
साबण आणायला विसरले होते.
फिलू डिमेलोने, हेअरवाल्या, कुरकुरत
मॅडमचा शाम्पू दिला, अडीच हजारांचा,
वर गालाला लाली लावायचा ब्रश.
त्या ब्रशाने चाचांनी रंगवले
कॉम्प्रेसर, गव्हर्नर, एकेक सांधा,
चेंबरची गोल पोटं.
कुठेच बुडबुडा नाही.
सगळ्या चासिसला मात्र बदामाचा वास.

अडीच वाजले.
"पेडल दाब. दाबून धर."
धरलं. काटा हलला नाही.
पोटरीला गोळा आला तरी हलला नाही.
चाचा बाहेर सरकले, बराच वेळ विडी न पेटवता बसले.
"ब्रेक निर्दोष आहे. हवा दुसरंच कुणी पितंय.
गाडीत आणखी काय चालतं हवेवर?"

मी गप्प.
फिलू म्हणाली, "दार."

मधल्या खोलीचं दार! गणपतीत शेठने बसवून घेतलेलं,
बटण दाबलं की फुस्स करून सरकणारं.
ओशिवऱ्याच्या कुणा कारागिराने
ब्रेकच्याच टाकीतून नळी मारली होती त्याला,
कुणाला न विचारता.
आणि मी रोज त्या फुस्स आवाजावर खूश.

चाचांनी चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा.
अठरा बल्बांच्या आरशापाशी गेले,
प्लायला गाल लावला, डोळे मिटले.
बाहेर खाडीला ओहोटी लागलेली, तेवढाच आवाज.
"इथे."
चार स्क्रू काढले. निळी नळी,
हेक्सॉने वाकडी कापलेली, कशीबशी खुपसलेली.
फिलूने विगमधला एक लांब केस समोर धरला.
केस थरथरला.
एवढीच हवा.
एवढ्या हवेने चार दिवस शंभर माणसं खोळंबली.

चाचांनी नळी मुळाशी बंद केली, वर पितळी बूच.
"दार आता हाताने. मॅडमला हात आहेत ना?"
मजुरीतून तीनशे स्वतःच कमी केले. शाम्पूचे, म्हणाले.
पहिल्या बोटीपर्यंत मॅडमच्या सोफ्यावर निजले,
सोफ्यावर नाही खरं तर, त्याच्या खाली, पिशवी उशाला.

साडेपाचला किल्ली फिरवली.
आठला एक रेष कमी. बझर मुका.
ब्रेकचा खटका सोडला
आणि मागे कुठेतरी शिंक आल्यासारखा आवाज झाला.
दहा वर्षं ऐकतोय तो आवाज.
आज पहिल्यांदा वाटलं,
कुणीतरी अंग टाकून, दात आवळून
त्या स्प्रिंगला मागे धरून उभं आहे.
मी गिअर टाकला. हळूच टाकला.